गिअरपेटीत कुठलं तेल घालायचं

आमच्या घरात इंग्रजी वाचता येणारी मी एकटीच होते. रत्नागिरीला सातवीपर्यंत शिकले होते, आणि लग्न होऊन बर दुबईला आल्यावर त्या शिक्षणाचा खरा उपयोग झाला तो डब्यांवरचं वाचायला. दुधाच्या पावडरीचा डबा, औषधाची बाटली, काहीही आलं की हे माझ्यासमोर आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "वाच."

हे एका व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होते. त्या काळी दुबईबाहेर पक्का रस्ता असा नव्हताच. खाडीपलीकडे जायचं तर अब्रा, म्हणजे तिथली होडी, आणि आत वाळवंटात जायचं तर नशीब. तेलविहिरीच्या कॅम्पवरचा एक गोरा फोरमन मायदेशी परत जाताना आपली वाळूत चालवायची मोटरसायकल ह्यांना देऊन गेला. उंच, हलकी, टू-स्ट्रोक इंजिनाची. सुरू केली की अख्ख्या गल्लीतली पोरं कान झाकून हसायची. ह्यांचा मात्र तिच्यावर भारी जीव. तिच्यासोबत माहितीचं पुस्तक काही मिळालं नव्हतं.

पेट्रोलमध्ये कुठलं तेल मिसळायचं ते फोरमन सांगून गेला होता. गिअरपेटीतलं तेल वेगळं असतं. ते काळं पडलं होतं, बदलायला हवं होतं. व्यापाऱ्याच्या गोदामात तेलाचे डबे रचलेले असायचे. त्यातले दोन हे घरी घेऊन आले आणि चटईवर ठेवले.

"यातलं कुठलं?"

एका डब्यावर इंजिन ऑइल असं लिहिलं होतं, दुसऱ्यावर गिअर ऑइल. मी दोन्ही उघडून बोट बुडवलं. पहिलं पातळ, दुसरं काकवीसारखं घट्ट आणि वासाला उग्र.

"पेटी गिअरची आहे ना? मग हे घ्या. सरळ लिहिलंय," मी म्हटलं. "आणि इथल्या उन्हात पातळ तेलाचं पाणी होईल."

ह्यांनी जरा विचार केला. "फोरमन पातळ ओतायचा असं वाटतं मला. लांबून बघितलंय."

"वाटतं म्हणजे काय? इथं लिहिलंय ते खोटं का?"

त्यांनी मग घट्ट तेल ओतलं. आपण जिंकलो याचा मला आनंद झाला होता, हेही आठवतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत गावाहून तार आली. माझे अब्बा अत्यवस्थ होते, भाईला ताबडतोब पाठवा म्हणून. माझा थोरला भाऊ आत वाळवंटातल्या कॅम्पवर स्वयंपाकी होता. मुंबईची बोट दुसऱ्या दिवशी दुपारी सुटणार होती, आणि नंतरची कधी येईल ते कोणी सांगू शकत नव्हतं. कॅम्पची गाडी तर आठवड्यातून एकदा यायची. हे म्हणाले, "मी फटफटीवर जातो आणि घेऊन येतो. इन्शाल्ला, सकाळी भाई बोटीवर असेल."

मी भाईसाठी कपडे बांधले. अब्बांसाठी खजूर घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून किनाऱ्यावर उभी राहिले. बोट खोल पाण्यात नांगरून होती, आणि माणसांना मचव्यातून नेत होते. शेवटचा मचवा गेला. दुपारी बोट वळली. मी गाठोडं घेऊन तिथंच बसले.

संध्याकाळी दोघं आले, एका मेंढ्यांच्या ट्रकमधून. फटफटी मेंढ्यांमध्ये आडवी टाकलेली. ह्यांचे ओठ फुटले होते. भाईनं समुद्राकडे पाहिलं आणि विचारलं, "गेली?"

मी मान हलवली.

येताना वाळूत क्लच सुटायला लागला होता. इंजिन किंचाळायचं, पण चाक जागचं हलायचं नाही. थंड होऊ द्यायचं, थोडं चालायचं, परत तेच. शेवटी दोघांनी ढकलत ढकलत ट्रकची वाट गाठली.

पुढची बोट यायच्या आधीच दुसरी तार आली. अब्बा गेले होते. भाई मातीलाही पोचला नाही.

भाई गावी गेल्यावर ह्यांनी अंगणात गिअरपेटीचं झाकण उघडलं. मी शेजारी बसले होते. क्लचच्या चकत्या जळून काळ्या चकचकीत झाल्या होत्या. त्या त्याच घट्ट तेलात बुडालेल्या होत्या, गिअरच्या दात्यांसोबत.

"बघ," हे म्हणाले, "क्लच पण याच तेलात आहे. त्याला धरायला पाहिजे, आणि हे तेल त्याला घसरवतंय. मोटारीत क्लच कोरडा असतो, म्हणून माझ्याही डोक्यात आलं नाही."

ते 'माझ्याही' म्हणाले. मी उठून आत गेले.

पुढच्या वर्षी आम्ही गावी गेलो. अम्मीनं मला पोटाशी धरलं, ह्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जेवताना चुलते म्हणाले, "माणूस आणायला जायचं तर गाडी तरी धड असावी." हे खाली बघून भात कालवत राहिले.

मी म्हटलं, "चाचा, तेल मी निवडलं होतं. हे नको म्हणत होते."

चाची हसली. "नवऱ्याला वाचवतेय गं बिचारी! बाईमाणसाला तेलातलं काय कळतं?"

मी पुन्हा सांगितलं. अम्मीलाही एकटीला गाठून सांगितलं. ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "चांगली बायको आहेस तू." कोणाचा विश्वास बसेना, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी आत कुठंतरी मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुटकेची लाज मला चुकीपेक्षाही जास्त वाटत आली आहे.

परतीच्या बोटीवर मी ह्यांना विचारलं, "तुम्ही का नाही काही बोललात?"

"काय बोलणार? आपलं खापर बायकोच्या डोक्यावर फोडतो, असं म्हणाले असते."

दुबईला आल्यावर मुंबईहून नव्या चकत्या मागवल्या. त्या बसवल्यावर हे पुन्हा दोन डबे घेऊन आले. "वाच."

"मी नाही वाचणार."

"मग कोण वाचणार? मला येतं का?" ते डबे माझ्यापुढे ठेवून उकिडवे बसून राहिले. शेवटी मी वाचलं. पातळ इंजिन ऑइल ओतलं, आणि पुढं दर खेपेला तेच. वाळूतून यायचे तेव्हा मी दारात उभी राहून आवाज ऐकायचे. इंजिन जरा जास्त ओरडलं की गल्लीच्या तोंडापर्यंत धावत जायचे.

भाई परत कामावर आला, पण आमच्याकडे येणं कमी झालं. आलाच तर फटफटीवर बसायचा नाही. "चालतो मी, जवळच आहे," म्हणायचा. एका शुक्रवारी तो जेवायला आला असताना हे अंगणात फटफटीचं तेल बदलत होते. नेहमीचा डबा मिळाला नव्हता. त्यांनी हाक मारली, "अगं, हा वेगळ्या कंपनीचा आहे, बघ जरा." मी बाहेर जाऊन वाचला, बोटावर तेल घेऊन चोळलं, आणि म्हटलं, "चालेल, पण थोडं जास्त घट्ट वाटतंय. दुसरा बघा." हे काही न विचारता डबा झाकून उठले.

भाई दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"बाय, म्हणजे गावी तेलाचं तू खरं सांगत होतीस?"

"हो, भाई."

मला वाटलं आता तो चिडेल, निदान काहीतरी बोलेल. मी तयार होते. तो चपला घालून ह्यांच्या मागोमाग गोदामाकडे चालत गेला. दोघं काय बोलले ते मला कोणी सांगितलं नाही. परत आले ते एकाच फटफटीवर, आणि भाई मागं बसला होता.

नंतरच्या खेपेला गावाहून येताना त्यानं अम्मीनं दिलेलं एक पुडकं आणलं. तांदळाच्या पापड्या आणि सुके बांगडे. खास जावयासाठी, असं त्यानं दोनदा सांगितलं; म्हणजे अम्मीला त्यानं तेलाचं खरं काय ते सांगितलं होतं. माझ्यासाठी काही निरोप होता का, ते मी विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही. हे मात्र भलते खूश झाले. त्याच दुपारी बांगडे भाजायला लावले आणि पहिला तुकडा माझ्या ताटात ठेवला. मी तो बराच वेळ तसाच ठेवला, मग ते बघताहेत म्हणून खाल्ला.