पोटगीचं मीच विचारलं

मंडळी, आज अकोल्याहून अमरावतीला परत आले तेव्हापासून मन कशातच लागत नाही, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या धाकट्या भावाचं टीव्ही-फ्रीजचं दुकान बुडालं. दिवाळखोरीचा अर्ज करायचा म्हणून त्याच्यासोबत वकिलांकडे गेले होते. त्याचा घटस्फोट झालाय. मुलगी आईकडे असते आणि तिची पोटगी काही महिन्यांपासून थकली आहे.

बँकेचं, व्यापाऱ्यांचं सगळं सांगून झालं. भाऊ कागद आवरायला लागला. मीच पुढे होऊन विचारलं, "वकीलसाहेब, कोर्टानं दिवाळखोर ठरवलं की पोटगीही माफ होते ना?"

त्यांनी पेन खाली ठेवला. "ताई, बाकीच्या देण्यातून सुटका होऊ शकते, लेकराच्या पोटगीतून नाही होत. कमाई खरंच घटली असन तर रक्कम कमी करायचा वेगळा अर्ज करता येते. पण थकलेली तं द्याच लागन." मग म्हणाले, "पोरीचं नाव काय?"

भावानं माझ्याकडे पाहिलं. आत्या म्हणून बारशाला तिच्या कानात ते नाव मीच सांगितलं होतं. आज सांगतानाही माझा आवाज तेवढाच बारीक निघाला.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "मी तं हे विचारलं नसतं, ताई. तुनं कावून विचारलं?"

मी एसटी स्टँडकडे चालू लागले.

मघाशी तिचाच फोन आला. "आत्या, आज कुठी गेली होती तू?"

तुम्ही असता तर तिला काय सांगितलं असतं?