भेट बंद

नोकरीत हाताळलेली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. श्रीरामपूरजवळच्या एका गावातलं हे प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं समोर उभं राहतं. त्यात खून झाला नव्हता, चोरीही नाही. पण सुरुवात खुनाच्या संशयानंच झाली.

मी तेव्हा तिथे पोलीस निरीक्षक होतो. एके सकाळी हजेरी चालू असताना ठाणे अंमलदारानं येऊन सांगितलं, निनावी फोन आलाय. साखर कारखान्यात फिटर असलेल्या एका माणसाची बहीण पावसाळ्यापासून गावात कुणाला दिसलेली नाही, आणि भाऊ दर वेळी वेगळं सांगतो. "त्यांची जुनी विहीर बघा," एवढं बोलून त्या माणसानं फोन ठेवला होता.

असे फोन बहुतेक वेळा भावकीच्या भांडणातून येतात. तरी पडताळणी करावीच लागते. महिला हवालदाराला घेऊन मी त्या घरी गेलो. ख्रिस्ती कुटुंब होतं. विधवा आई, मुलगा, सून, लग्नाला आलेली नात आणि ही अविवाहित मुलगी. मुलगी गावच्या बालवाडीत शिकवायची. आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. आम्हाला पाहून तिनं सूप बाजूला ठेवलं, पण काय झालं म्हणून विचारलं नाही. पोलीस दारात आल्यावर जो माणूस काहीच विचारत नाही, त्यानं वाईट उत्तर आधीच मनाशी धरलेलं असतं.

"मावशी, मुलगी कुठे आहे तुमची?"

"ल्योक म्हनतो नाशकाला कामाला हाय. फोन लागत न्हाई म्हनतो." तिनं एकदा घरात पाहिलं आणि आवाज खाली आणला. "साहेब, ती जित्ती हाय का न्हाई, तेवढं त्याच्याकडनं काढून घ्या. मला इचारायचं धाडस हुत न्हाई."

मुलाला ठाण्यात बोलावलं. तो कामाच्या कपड्यांतच आला. बहीण नाशिकला एका वसतिगृहात नोकरीला आहे, असं ठामपणे सांगत होता. वसतिगृहाच्या भिंतींचा रंग, तिथलं जेवण, मॅडमचा स्वभाव, सगळं सांगून झालं. पत्ता मात्र आठवत नव्हता. खरं बोलणारा माणूस न विचारलेलं इतकं सांगत नाही.

मी आवाज चढवला नाही. चौकशीत आरडाओरड केली की माणूस एक तर गप्प होतो, नाहीतर आपल्याला हवं ते बोलतो. दोन्ही निरुपयोगी. त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणालो, "तुझ्या आईला वाटतं, तू बहिणीला मारलंस."

कप त्याच्या हातातच राहिला. "आई आसं म्हनली?"

"शब्द वेगळे होते. अर्थ हाच होता."

तो टेबलावर डोकं टेकवून रडायला लागला. "न्हाई वो साहेब. दवाखान्यात हाय ती. नगरला. डोक्याच्या दवाखान्यात."

बहिणीला नसलेले आवाज ऐकू येऊ लागले होते. झोप उडाली होती. एकदा ती भर दुपारी विहिरीच्या काठावर जाऊन बसली. त्यानं घाबरून तिला नगरजवळच्या एका खासगी मानसोपचार रुग्णालयात दाखल केलं. इथपर्यंत त्याचं काही चुकलं नव्हतं. पण त्याच सुमारास त्याच्या मुलीची सोयरीक ठरत होती. "घरात आसं मानूस हाय हे कळलं आसतं तर मोडली आसती. आईच्या पोटात काय ऱ्हात न्हाई, म्हनून तिलाबी सांगितलं न्हाई." रुग्णालयालाही त्यानं बजावलं होतं, तिला कुणाला भेटू देऊ नका, फोन देऊ नका.

त्याच दिवशी मायलेकांना घेऊन आम्ही नगरला गेलो. व्यवस्थापक नम्रपणे म्हणाला, "नातेवाइकांची सूचना आहे. भेट बंद आहे."

"ही तिची आई आहे."

"ज्यांनी दाखल केलं, त्यांच्या परवानगीनंच."

"पेशंटला विचारलंत का कधी?"

मी त्याला सांगितलं, आताच्या मानसिक आरोग्य कायद्यात कोणाला भेटायचं, कोणाला नाही, फोन कोणाला करायचा, हे रुग्णानं ठरवायचं असतं. भावानं नाही, तुम्ही नाही, आणि मीही नाही. मग डॉक्टर आले. तिची तब्येत बरीच सुधारली आहे, हे त्यांनीच सांगितलं.

महिला हवालदारासोबत मी तिला भेटलो. केस नीट विंचरलेले, आवाज शांत.

"फोन मागितला की म्हणायचे, तुमच्या भावानं नको सांगितलंय. मग मी मागायचं सोडलं," ती म्हणाली. "मला वाटलं, आईला माझी लाज वाटते, म्हणून ती येत नाही."

"ताई, आई बाहेर आहे. भाऊही आलाय. कोणाला आत पाठवू?"

"आईला. त्याला नको."

आई आत गेली. तिनं लेकीचा चेहरा चाचपला, दंड चाचपले, बोटं एकेक करून हातात घेतली. "बाय माझी," एवढंच म्हणत राहिली. मागोमाग भाऊ निघाला, तेव्हा मी दारात आडवा आलो.

"म्या भाऊ हाय तिचा, साहेब."

"असशील. ती नको म्हणाली आहे."

तो बाकावर जाऊन बसला. रागावला नाही. भेट बंद असणं म्हणजे काय, हे कदाचित तेव्हाच त्याला पहिल्यांदा कळलं असावं.

तिचा जबाब जोडून मी दंडाधिकाऱ्यांना अहवाल पाठवला, मनोरुग्णांच्या हक्कांच्या तक्रारी ऐकणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाकडेही तक्रार गेली. वॉर्डात रुग्णांसाठी फोन बसला. ती स्वतःच्या मर्जीनं आणखी काही आठवडे उपचारांसाठी थांबली आणि मग आईजवळ परतली. भावाशी ती बरेच महिने बोलली नाही, त्यानं ते सोसलं. पुतणीची सोयरीक मात्र मोडलीच. आत्याच्या आजारामुळे नव्हे, तर दारात पोलिसांची जीप उभी राहिली म्हणून. त्याचं मला वाईट वाटलं, आजही वाटतं.

आजारी माणसाला शांतता हवी, म्हणून घरचे आणि दवाखाना मिळून दार लावून घेतात. बहुतेकांचा हेतू वाईट नसतो. पण आतल्या माणसाला ते दार कसं दिसतं, हे मला त्या बाईनं दाखवलं. अटक केलेल्या आरोपीला, मग तो खुनातला का असेना, आम्हाला विचारावंच लागतं, "तुझ्या घरी कोणाला कळवू?" तो प्रश्न मी आयुष्यभर गुन्हेगारांना विचारत आलो. या बाईनं काहीच केलं नव्हतं, आणि तिला तो कुणीच विचारला नव्हता.