शिबिरातल्या पोळ्या

मी यवतमाळात लोकांच्या घरी जाऊन कुत्र्यांना शिकवते. मागच्या दिवाळीत फटाक्यांनी भेदरलेल्या एका कुत्र्यानं माझा हात फाडला. टाके निघाले, भीती गेली नाही. कुणाच्याही फाटकाची कडी मी दोन-तीनदा धरून सोडायचे, मग उघडायचे. घाटंजीजवळ एका शेतघरावर प्राणी शिकवणाऱ्यांचं दोन दिवसांचं शिबिर आहे आणि शनिवारचं पहिलंच सत्र घाबरलेल्या जनावरांवर आहे, असं कळलं तेव्हा मी लगेच नाव दिलं. दोन दिवस कुणी आयतं वाढेल, हाही लोभ होताच.

वीसेक जणांत बायका दोघीच. दुसरी दिग्रसची, माझ्याहून मोठी. त्यांच्या घरी वरातीच्या घोड्या आहेत. बँडच्या दणक्यात घोडी शांत उभी राहावी म्हणून तीच त्यांना तयार करते. मी तिला ताई म्हणू लागले.

शनिवारी सकाळी आचारी आलाच नाही. आयोजक थेट आमच्याकडे आला. बाकी कुणाकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

"ताई, जरा पोळ्यांचं पाहता काय? तुम्हा दोघींले तर सवयच हाये."

"आमचं सत्र हाये न आता," मी म्हटलं.

"अर्ध्या घंट्याचं काम. सर थांबतील."

सर थांबले नाहीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते दिसत होते, नागपूरचे नावाजलेले प्रशिक्षक. समोर थरथरणारं एक कुत्रं. ते काय सांगत होते ते मात्र ऐकू येत नव्हतं. मधूनच सगळे हसायचे. मी पोळ्या लाटत होते आणि माझं डोकं तव्यापेक्षा जास्त तापलं होतं.

"जाऊ दे वं बाई," ताई कणीक मळता मळता म्हणाली. "दोन दिवसाचं तर हाये."

तिचाही राग आला मला. मी लाटणं टाकलं, गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनी जाऊन पुढच्या रांगेत बसले.

"सर, आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. पहिल्यापासून सांगता काय?"

सरांनी घड्याळ पाहिलं. "संपत आलंय हो. आपण नंतर वेगळं बोलू."

आयोजक मागून म्हणाला, "अन् जेवण?"

"गॅस बंद केला मी. तुम्ही करा."

कुणी उठलं नाही. उरलेल्या पोळ्या ताईनंच केल्या. सगळे जेवले, घरच्यासारखं झालं म्हणाले, आणि जेवण होताच सर गाडीत बसून नागपूरला निघून गेले. 'नंतर' संपलं. मीही जेवले. उपाशी राहून कुणाचं काय बिघडणार होतं?

दुपारी झाडाखाली मी ताईला विचारलंच, "काहून केल्या तुम्ही?"

तिनं कोपरावरचं सुकलेलं पीठ खरवडलं. मग म्हणाली, "घरी पोळ्या करूनच मी घोडीपाशी जातो. इथं तरी हात रिकामे राहतीन असं वाटलंतं मले. तू उठली, मले उठता नाही आलं. त्याचाच राग येऊन राह्यला."

संध्याकाळी आयोजक पुन्हा आला. "ताई, चहाचं कसं करायचं?"

ताई बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मी चहा पेत नाही. ज्याले प्याचा हाये त्यानं करावा."

चहा मग त्या पुरुषांनीच केला. गोड काढा झाला होता. कुणी तक्रार केली नाही.

रविवारी निरोपाला प्रत्येकाला माइक दिला. मी म्हटलं, "मी शिकायले आलती. तुम्ही मले पोळ्या करायले लावल्या. बाकी मले काही सांगायचं नाही." काहींनी माना खाली घातल्या. आयोजकानं हसत माइक घेतला. "आमच्या ताई जरा तापट हायेत," तो म्हणाला आणि टाळ्या वाजल्या. अशा वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांना शिकवायला कोणतं शिबिर असतं कोण जाणे.

सोमवारी कामावर गेले. नवं घर, नवं कुत्रं, आवाजाला दचकणारं. फाटकाची कडी पूर्वीसारखीच धरली आणि सोडली. मालकीणबाई वाट बघत उभ्या होत्या.

"आज नुसतं बघते," मी त्यांना म्हटलं आणि फाटकाबाहेरच उभी राहिले.