डबीतलं भेदरं

आमच्याकडे टमाटरला भेदरं म्हणतात. मी मात्र सगळ्याच टमाटरांना म्हणत नाही. बाजारात मिळतं ते लांबट, जाड सालीचं, फेकून मारलं तरी न फुटणारं, ते टमाटर. भेदरं म्हणजे आमच्या घरामागच्या वाडीत व्हायचं ते. चपटं, भोपळ्यासारख्या फाकांचं, पिकलं तरी देठाशी हिरवं, आणि इतकं आंबट की वरणात चिंच लागत नसे.

ते मी संपवलं. बी आम्ही शेणात कालवून भिंतीला थापून ठेवायचो आणि पावसाळा लागला की पोपडा काढून वाफ्यात चुरायचो. थोरल्या लेकीच्या लग्नाआधी मी सगळं घर लिपून काढलं, त्यात तो पोपडाही लिपला. मिरगात भिंत खरवडली तर नुसती माती निघाली. गावात दुसऱ्या कोणाकडे ते बी राहिलं नव्हतं, सगळे पाकिटातलं आणू लागले होते. तेव्हापासून माझी मोठी जाऊ येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "इनंच लिपलं भेदरं." माझ्या व्याह्यांनाही सांगून झालं आहे.

या हिवाळ्यात डोळा दाखवायला चंद्रपूरला गेले होते. परत निघताना नातीनं काचेच्या दारांच्या एका मोठ्या दुकानात नेलं. आत भाजीलाही गारवा सोडलेला. तिथं प्लास्टिकच्या डबीत तीन फळं. चपटी, फाकांची, देठाशी हिरवी. मी डबी उघडून देठ हुंगला.

दुकानातली पोरगी आली. "आजी, ते उघडू नका. परदेशी आहे."

"कोन्या देशाचं?"

तिला माहीत नव्हतं. डबीवरही नुसतं परदेशी टमाटर लिहिलेलं, असं नातीनं वाचून सांगितलं. मग तिनं फोननं फोटो काढला. फोननं एक इंग्रजी नाव सांगितलं. दुसऱ्या बाजूनं फोटो काढला तर दुसरंच सांगितलं. तिसऱ्यांदा म्हणाला, भोपळा. मला इतकं हसू आलं की डोळ्यातलं औषध गालावर आलं. मी म्हटलं, ठेव तो फोन, याला ओळखणारी एकच बाई आहे आणि ती मला खोटं पाडायला टपलेली आहे. तिनं हो म्हटलं तर ते खरं.

डबी विकत घेऊन घरी आले ती थेट चुलीशी बसले. तिन्ही निखाऱ्यावर भाजली, मिरची-लसणासोबत पाट्यावर रगडली, आणि वाटी घेऊन जावेच्या दारात गेले. काही सांगितलं नाही. तिनं भाकरीचा तुकडा बुडवून तोंडात टाकला आणि डावा डोळा मिटला. आंबट लागलं की तिचा डावाच डोळा मिटतो.

"कुठी भेटलं वं तुले?"

"काय भेटलं?"

"भेदरं. मले का इचारतं, तुले का मालूम नाई?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसले आणि हसत सुटले. तिलाही हसू आलं. हसता हसता आम्ही वाटी संपवली, मग माझ्या घरी येऊन पाटाही पुसून खाल्ला. शेवटचं बोट तिनं चाटलं.

मग ती म्हणाली, "बी कुठी ठेवलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं पाट्याकडे पाहिलं.

"बाई, तुमच्या पोटात हाये."

पूर्वी पोटात गेलेलं बीही वाया जात नसे. माणसं वावरात बसायची आणि पुढच्या पावसात तिथं भेदरं आपोआप उगवायचं. सगळ्यात रसाळ फळ तिथलंच, हे सगळ्यांना माहीत होतं आणि खाताना कोणी बोलत नसे. आता घरोघरी संडास. हे मी तिला म्हटलं, तर ती पोट धरून भिंतीला टेकली. दोघींच्या मिळून तोंडात नऊ दात, ते सगळे दिसत होते.

"आता सांगा लोकाइले," मी म्हटलं. "मी लिपलं, तुमी खाल्लं."

"गप राह्य. सकाळची बस कितीची हाये?"

दुसऱ्या दिवशी दुकानात एकच डबी उरली होती. एक फळ बसकं झालेलं. पोरगी म्हणाली, "हे राहू द्या आजी, खराब आहे."

जाऊ म्हणाली, "तेच दे. पिकल्याबिगर बी धरत नाई."

येताना बसमध्ये डबी तिच्या मांडीवर होती. मी दोनदा मागितली.

"तुह्या हाती नाई देत. तू लिपशील."

मीही वरोऱ्याचा फाटा येईपर्यंत तिच्या तोंडावरची नजर काढली नाही.