शराफियातले युसूफभाई आणि परत गेलेली पोती

युसूफभाईंची आणि माझी ओळख त्यांच्या बिघडलेल्या फ्रीझरमुळे झाली. मी संगमेश्वरचा इलेक्ट्रिशियन, सौदीतल्या जेद्दात नवा. तिथल्या शराफिया भागातल्या त्यांच्या किराणा दुकानात फ्रीझर उघडून बसलो होतो आणि भाई माझ्या डोक्यावर उभे. दर दोन मिनिटांनी, "झाला काय?" शेवटी वैतागून मी त्यांना बसायला सांगितले.

"बसायचंच असतं तर रत्नागिरीत बसलो नसतो काय?" ते म्हणाले. गेल्या बावीस वर्षांत मी त्यांना निवांत बसलेले पाहिलेले नाही.

पत्र्याच्या गाळ्यात सुरू केलेले हे दुकान आज भाई आणि त्यांचे दोन मुलगे चालवतात. उकडा तांदूळ, आमसुले, कुळथाचे पीठ यांसाठी कोकणातल्या माणसाचे पाय तिकडेच वळतात. माझे वडील गेले तेव्हा सुट्टीच्या कागदावर सही मिळेना. भाई माझ्या कंपनीत गेले आणि साहेबांच्या दारासमोर येरझारा घालत राहिले. साहेबांनी कंटाळून सही केली.

भाईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी प्रसन्न मनाने लिहावे, असे संपादकांनी सुचवले आहे. मला ते जमत नाही. दुकानाचा परवाना ज्यांच्या नावावर होता ते कफील, म्हणजे भाईंची हमी घेणारे इथले सौदी गृहस्थ, वारले. कफीलांच्या मुलांना तिथे रेस्टॉरंट काढायचे आहे. भाईंच्या सत्कार समारंभानंतर दोन महिन्यांनी रमजान. तोवर गाळा रिकामा करायचा आहे. नवा कफील मिळाला नाही, तर भाईंचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवानाही संपेल आणि चाळीस वर्षांचा संसार आवरून त्यांना जावे लागेल.

मागच्या आठवड्यात तांदूळ आला. नव्या मालातला मूठभर तांदूळ आधी शिजवून स्वतः चाखायचा, मगच विकायचा, ही भाईंची शिस्त. पहिल्याच घासाला त्यांचे तोंड वाकडे झाले. कुबट वास येत होता. सगळी पोती परत पाठवा, म्हणाले.

मला राहवले नाही. "भाई, रमजानला दुकानच नसणार. विकून मोकळे व्हा ना!"

"दुकान जाईल. खानारी मानसं हितंच ऱ्हानार हायत," भाई म्हणाले आणि पोत्याला स्वतः हात घातला. मला माझीच लाज वाटली.

पंचाहत्तरी गाठणाऱ्या भाईंना निरोगी शंभर वर्षे लाभोत, हे मागणे आहेच. पण ती त्यांनी इथे, आपल्यात, उभ्याउभ्याच काढावीत असे मला वाटते. म्हणून वाचकहो, आपल्या ओळखीत एखादा भला कफील असेल तर समारंभात हार घालायला थांबू नका. आजच फोन करा.