रोलरकाकांचा वाफा

रोलरकाकांनी तेहतीस वर्षं माती दाबली. रस्त्याच्या खात्यात ते रोलर चालवायचे, आणि चालवायचे म्हणजे नुसते पुढे-मागे करायचे नाहीत. भरावावर पाणी किती मारायचं, ओल किती असताना पहिला फेरा घ्यायचा, हे त्यांना टाचेने कळायचं. टाच आपटायची, आवाज ऐकायचा, मान डोलवायची. साहेब लोक यंत्र लावून जे मोजायचे ते काका बुटाने सांगायचे, आणि बहुतेक वेळा बुटाचंच खरं ठरायचं. त्यांनी दाबलेल्या रस्त्याला खड्डा पडला असं कुणी म्हटलं तर दोन दिवस घरात त्यांच्याशी बोलायची सोय नसे. अशा माणसाने पासष्टीला आल्यावर बारा फूट लांब आणि तीन फूट रुंद माती सैल करायला घ्यावी, यात गंमत आहेच. गल्लीतले लोक हसलेही. काका हसत नव्हते. त्यांना बायको परत हवी होती.

ती का गेली, याचं काकांच्या मनात पक्कं उत्तर होतं. निवृत्तीच्या आठवड्यात नेमकं त्यांच्याच गल्लीचं काम निघालं होतं आणि काकू चार दिवस बहिणीकडे गेल्या होत्या. अंगणातला चिखल पायांनी घरात येतो, ही काकूंची कायमची तक्रार. काकांच्या मनात आलं, जाता जाता घरासाठी काहीतरी करून टाकावं. त्यांनी फाटक काढून बाजूला ठेवलं, छोटा रोलर आत घातला आणि थेट भिंतीपर्यंत सहा फेरे मारले. भिंतीलगत काकूंचा लिलीचा वाफा होता. त्यात तेव्हा हिरवं पान नव्हतं, दोन सुकलेल्या काड्या तेवढ्या होत्या. काकांना वाटलं, रिकामाच आहे. कंद जमिनीखाली निवांत पडून असतात, हे रस्तेवाल्याला कोण सांगणार? काकू परतल्या, फाटकाशी थांबल्या आणि हातातली पिशवी खाली न ठेवता म्हणाल्या, "बरं झालं. आता चिखल येणार नाही." काकांना ही शाबासकीच वाटली. माणसाला तेहतीस वर्षं फक्त रस्ते दिले की असंच होतं.

त्याच वर्षी त्यांच्या लेकीला मुलगी झाली. लेक परिचारिका, तिच्या कामाच्या पाळ्या कधी दिवसाच्या कधी रात्रीच्या. म्हणून काकू चार महिन्यांसाठी तिच्या शहरात गेल्या. चाराचे आठ झाले, आठाचं वर्ष, आणि बघता बघता नात चार वर्षांची झाली. मध्ये काकू दोनदा घरी येऊन गेल्या, त्याही पाहुण्यासारख्या. काकाही एकदा तिकडे जाऊन आले. दोन खोल्यांच्या घरात दारापाशी अंथरूण टाकून चार दिवस झोपले आणि आपण सगळ्यांच्या पायात येतोय हे कळून परतले. बाकी रोज रात्री आठला फोन. जेवलात का, जेवलो. गोळी घेतलीत का, घेतली. शेवटी काका ठसक्यात सांगायचे, "माझी काळजी करू नकोस, माझं उत्तम चाललंय." फोन ठेवला की ते तिथेच खुर्चीत बसून राहायचे. घर अक्षरशः खायला उठायचं.

मग एके दिवशी नातीने फोनवर सांगून टाकलं की आजीच्या खिडकीत अकरा कुंड्या आहेत आणि आजी रोज त्यांच्याशी गप्पा मारते. काकांनी फोन ठेवला. त्यांना तो वाफा आठवला, त्या काड्या आठवल्या, आणि पिशवी हातात धरून उभी राहिलेली बायको आठवली. सगळं आपल्यामुळेच, असं त्यांनी ठरवूनच टाकलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ काढली.

पहिल्याच घावाला कुदळ टणकन उसळून परत आली. काकांना क्षणभर अभिमान वाटला, मग स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी संध्याकाळभर नळी सोडून वाफा भिजवला आणि सकाळी चिखलातच खणायला घेतलं. निघाली ती भली मोठी चिकट ढेकळं, आणि दोन दिवसांच्या उन्हात ती अशी वाळली की त्यांची भिंत बांधता आली असती. शेवटी काकांनी त्यातलं एक ढेकूळ पिशवीत घातलं आणि वळणावरच्या रोपवाल्या बाईंकडे नेलं. बाईंनी ते हातात घेऊन वर-खाली तोललं आणि विचारलं, ही माती आहे की तुम्ही घर पाडलंत?

बाई तोंडाने फटकळ, पण जाणत्या. ओली माती खणायची नाही, हे त्यांनी आधी बजावलं. मूठभर माती घेऊन दाबायची, मग अंगठा टेकवायचा. भुरभुरली तरच हत्यार लावायचं. काकांनी सुचवलं की वाळू आणि बारीक खडी मिसळली तर? बाई म्हणाल्या, चिकणमातीत वाळू ओतलीत तर तुमचा रस्ताच पुरा होईल. त्यांनी चार दातांचा लोखंडी काटा उसना दिला, तो पायाने आत रेटायचा, दांडा मागे झुकवायचा, माती नुसती उचकटायची, उलथायची नाही. भेगांत शेणखत आणि कुजलेला पाला. वरून सुक्या पानांचा जाड थर. आणि वाफ्यात पाय ठेवायचा नाही, काहीही झालं तरी.

हे शेवटचं काकांना फार जड गेलं. दिवसभर सैल केलेली उंचसखल माती संध्याकाळी बघवायची नाही. हात आपोआप फावड्याकडे जायचा आणि ते पाठीने थापटून दोरी लावल्यासारखी सपाटी आणायचे. बाई एकदा बघायला आल्या आणि कपाळाला हात लावून म्हणाल्या, तुम्ही सकाळी उघडता आणि संध्याकाळी बंद करता, दुकान आहे का हे? त्या दिवशी काकांनी फावडं माळ्यावर टाकलं.

एक परीक्षा बाईंनी शिकवली होती. वाफ्यात फूटभर खड्डा करायचा, पाण्याने भरायचा आणि पाणी जिरायला किती वेळ लागतो ते बघायचं. पहिल्यांदा पाणी दुसऱ्या सकाळीही तसंच होतं, त्यात एक डास मजेत बसला होता. दोन महिन्यांनी पाच तास लागले. मग बाईंनी लांब मुळ्याचं बी दिलं; मुळा खाण्यासाठी नाही, खाली घुसून माती फोडण्यासाठी. वर्ष सरता सरता पाणी चाळीस मिनिटांत गेलं आणि खड्ड्याच्या कडेला पहिलं गांडूळ दिसलं. काकांनी त्याला इतका वेळ पाहिलं की गॅस बंद करायचा राहून गेला. फोनवर मात्र यातलं चकार शब्दाने बोलले नाहीत. तिने येऊन बघावं, बघून राहावं, असा त्यांचा डाव होता.

आणि काकू आल्या. मुलीला आठवडाभर रजा मिळाली होती, म्हणून आठ दिवसांसाठी. फाटकातून आत येताच त्यांनी वाफा पाहिला, भिंतीशी उकिडव्या बसल्या आणि पालापाचोळा सारून हात मातीत घातला. मनगटापर्यंत गेला. "छान झालीय," त्या म्हणाल्या. काका पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहिले. काकू हात धुवायला गेल्या.

पाच दिवस काका वाट बघत होते. काकू वाफ्याकडे रोज जात, पानं न्याहाळत, पण राहण्याबद्दल अळीमिळी गुपचिळी. सहाव्या दिवशी चहा पिताना काकांना राहवलं नाही.

"लिलीवरून रोलर फिरवला म्हणून गेलीस ना तू?"

काकूंनी कप खाली ठेवला. "त्याचा राग आला होता. आठ-दहा दिवस. मग गेला."

"मग परत का आली नाहीस?"

"तुम्ही बोलावलंत कधी?" काकूंचा आवाज चढला नाही. "रोज आठ वाजता एकच, माझं उत्तम चाललंय. मी म्हणायचे, आज तरी म्हणतील ये म्हणून. पहिली दोन वर्षं रोज वाटायचं. मग म्हटलं, उत्तम चाललंय तर चालू दे. तिथे निदान माझ्यावाचून अडत होतं."

आपण मोठ्या मनाने बायकोला मुलीजवळ राहू देतोय, असं काकांना इतकी वर्षं वाटत आलं होतं. "उत्तम काही नव्हतं गं," ते म्हणाले. "तुझा फोन आला की मी रेडिओ मोठा करायचो. घरात वर्दळ आहे असं तुला वाटावं म्हणून."

काकूंनी पदराने डोळे पुसले. मग त्यांनी सांगितलं की आता नुसतं मनात येऊन भागत नाही. मुलीला शब्द दिलाय, नातीला एकटीला ठेवता येत नाही. काकांनी मान हलवली. आठव्या दिवशी त्यांनी काकूंची पिशवी बसपर्यंत नेऊन दिली.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला फोन वाजला. काकूंनी जेवलात का विचारायच्या आत काका म्हणाले, "ये. मला करमत नाही."

मग काकूंनी विचारलं, "मुळे उपटले का?"

"नाही."

"उपटू नका. तसेच जमिनीत कुजू द्या, खालची मातीही मोकळी होईल. मी येईपर्यंत होईल सगळं."

"कधी येशील?" काकांनी विचारलं. असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"पोर पहिलीत गेली की. पहिलीला दिवसभराची शाळा असते. चौदा महिने राहिलेत."

फोन ठेवून काका भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि पानं उलटू लागले. त्यात तेवढे महिने नव्हते.