कासवाची मान

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी म्हणजे कोण? ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही असा परतूरभर लौकिक! लग्न असो, बारसं असो, मला मधोमध बसवतात. मी हात नाचवतो, राक्षसाचा आवाज काढतो. सगळ्या गोष्टी सांगून झाल्या — ही सोडून.

आमची वहिनी औरंगाबादला मातीकाम शिकलेली. परसात तिची छोटी भट्टी होती. तिनं एक फुलदाणी केली. पोटावर समुद्रमंथन — गळ्याला वासुकीचा वेढा, एका अंगाला देव, दुसऱ्या अंगाला दैत्य, आणि बुडाशी पर्वत पेलणारं कासव. मुंबईच्या प्रदर्शनात जायची होती.

त्या संध्याकाळी ओसरी पाहुण्यांनी भरलेली. माझा राक्षस ऐन रंगात — आणि वहिनीनं फुलदाणी बाहेर आणून ठेवली. सगळ्या माना तिकडे वळल्या. माझा हात हवेतच राहिला.

एवढंच कारण. हसू येतं ना?

पाहुणे जेवायला उठले. मी कासवाच्या मानेवर अंगठा दाबला. सुपारीएवढी मान — कट्.

मागाहून आरडाओरडा झाला. वहिनी वाकून बघत म्हणाली, "कासवच आहे हो, भाऊजी. चिकटवते की."

तेव्हा तरी गप्प बसायचं. पण ओसरी पुन्हा माझ्याकडे बघत होती! मी हात आभाळाकडे नेला —

"कासव? कूर्मावतार म्हणा, वहिनी! साक्षात विष्णू खंडित झाला!"

आई पांढरी पडली. वहिनीला सहावा महिना होता. "खंडित देव घरात, आन् ही दोन जिवाची! जल्दी नदीत सोडा."

दादानं फुलदाणी दुधनेत सोडली. पुढं मूल मेलेलंच जन्मलं. मंग गल्ली बोलायला लागली — फुलं खोचायच्या भांड्यावर देव काढले, दुसरं काय होणार? आईनं भट्टी पाडली, तिच्या विटा न्हाणीला लावल्या. वहिनीनं पुन्हा माती मळली नाही. पुन्हा मूलही झालं नाही.

मी काय केलं? गोष्टी सांगितल्या.

पुष्कळ वर्षांनी आई गेली. तेराव्याची भांडी आवरताना वहिनी खालमानेनं म्हणाली, "भाऊजी, भट्टीतून काढताना माझाच धक्का लागला असंल त्या कासवाला. ध्यानातच आलं न्हाई माझ्या."

एवढी वर्षं ती हे धरून होती. मान वर करून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"असंल," मी म्हणालो.